काल वळणारी गाडी आज सरळ का जाते? फिजिक्स अपडेटनंतरची पहिली संध्याकाळ

तीच गाडी, तोच ट्रॅक, तोच १०० मीटरचा फलक. काल तिथे ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालून आत शिरायची. आज ती सरळ खडीत जाऊन बसते. मधल्या वेळात एवढंच झालंय की रेसिंग गेमने रात्री एक अपडेट उतरवून घेतला आणि मेनूच्या कोपऱ्यातला आवृत्ती क्रमांक बदलला.

अशा वेळी नवखा खेळाडू एक तर म्हणतो, ‘गेमची वाट लावली’, नाहीतर म्हणतो, ‘मलाच जमेनासं झालंय’. पहिल्या तासात यातला कुठलाच निकाल देऊ नका. त्या तासात काय करायचं आणि काय टाळायचं, ते इथे सांगतो. स्टिअरिंग व्हील वापरत असाल किंवा कंट्रोलर, बहुतेक गोष्टी दोन्हीकडे लागू पडतात.

आत नेमकं काय बदलतं

गेमच्या हिशेबी गाडी म्हणजे आकड्यांची मोळी. वजन कुठे आहे, स्प्रिंग किती कडक, कुठल्या चाकावर किती भार, टायर किती तापलाय. हा हिशेब सेकंदाला शेकडो वेळा नव्याने मांडला जातो: असेटो कोर्सा या गेममध्ये ३३३ वेळा, आयरेसिंगमध्ये ३६०, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये ४००. बीमएनजीमध्ये गाडीचा पत्राही वाकतो, चुरगळतो, म्हणून तिथे २,००० वेळा. फिजिक्स अपडेट म्हणजे या हिशेबातले काही आकडे बदलणं, किंवा हिशेबाची रीतच बदलणं. आकडे बदलले तर गाडी ओळखीची राहते. रीत बदलली तर नाव आणि रंग तेवढे जुने उरतात.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे ‘रिचर्ड बर्न्स रॅली’. गेम २००४ चा. नंतर चाहत्यांनी एनजीपी नावाचं स्वतःचं फिजिक्स बनवून त्यात बसवलं. स्टेज त्याच, वळणं तीच, पण मूळ गेमच्या सवयी तिथे फारशा कामाला येत नाहीत.

बहुतेक वेळा बदलाचं मूळ टायरमध्ये असतं. गाडी जमिनीला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांचं म्हणणं जमिनीपर्यंत पोचतं ते तिथूनच. वळताना चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि ते प्रत्यक्षात किंचित वेगळ्या दिशेला जात असतं. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढतो तशी पकड वाढते, काही अंशांवर शिखर गाठते आणि त्यापुढे घसरते. कागदावर काढलं तर एका टेकडीसारखी रेघ दिसते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातले हान्स पाचेइका यांच्या नावाने ओळखलं जाणारं, १९८० च्या दशकातलं ‘मॅजिक फॉर्म्युला’ हे समीकरण ही रेघ काढण्यासाठीच आहे. नावात जादू असली तरी ते रबराच्या गुणधर्मांतून सिद्ध केलेलं नाही. टायरची प्रत्यक्ष मोजमापं घ्यायची आणि त्यांवर चपखल बसेल अशी रेघ ओढायची, एवढंच. कित्येक गेमचे टायर याच सूत्रावर किंवा त्याच्या भावंडांवर चालत आले आहेत.

नवख्याने या टेकडीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शिखर किती उंच आहे, यावर लॅप टाइम ठरतो. पण शिखरापलीकडचा उतार किती खडा आहे, यावर तुम्ही ट्रॅकवर राहता की नाही ते ठरतं. उतार सौम्य असेल तर गाडी घसरतानाही सावरायला वेळ देते. खडा असेल तर क्षणात हातातून निसटते. त्यामुळे ‘ग्रिप वाढवली’ असं लिहिलेल्या अपडेटनंतरही गाडी अवघड वाटू शकते, कारण शिखर उंच करताना पलीकडचा उतारही खडा झालेला असतो. याच्या उलटही होतं: पकड कमी होते, पण गाडी हळूहळू घसरते, म्हणून लोकांना ती ‘जास्त ग्रिपवाली’ वाटते.

टायरचे आणखी दोन स्वभाव माहीत असावेत. पहिला, भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळणात बाहेरच्या चाकांवर भार जातो तेव्हा आतल्या-बाहेरच्या चाकांच्या जोडीची एकूण पकड घटते, ती यामुळे. अँटी-रोल बार (वळताना गाडीचं कलणं रोखणारा दांडा) कडक केला की त्या टोकाची, म्हणजे पुढची किंवा मागची, पकड का कमी होते, याचं उत्तरही हेच. दुसरा स्वभाव तापमानाचा. थंड टायर पकडत नाही, जास्त तापलेलाही पकडत नाही. शिवाय आतली हवा तापली की दाब वाढतो, आणि दाबाचाही एक योग्य पट्टा असतो.

हे सगळं कागदावर सोपं दिसतं, पण बनवणाऱ्यांचा घाम काढतं. ‘लाइव्ह फॉर स्पीड’ हा तीन जणांच्या चमूने उभा केलेला गेम. त्यांचं नवं टायर फिजिक्स दहा वर्षांहून अधिक काळ ‘काम चालू आहे’ याच अवस्थेत होतं, आणि त्याच्याच पायी एक जाहीर झालेली गाडी रखडली. म्हणून एखाद्या अपडेटमध्ये टायर थोडा चुकला तर मी तरी लगेच दात-ओठ खात नाही.

पायरी १: अपडेट उतरण्याआधी खूण ठेवा

ही पायरी जवळजवळ सगळे चुकवतात, कारण अपडेट येणार हे कळेपर्यंत तो आलेला असतो. म्हणून आजच एक काम करा. तुमच्या ओळखीची एक गाडी आणि एक ट्रॅक निवडा. हवामान स्थिर, इंधन ठरावीक, सेटअप, म्हणजे हवा, स्प्रिंग, पंख वगैरेंची जुळणी, गेमने दिलेला मूळ. दहा लॅप मारा. सर्वोत्तम लॅपपेक्षा पाचव्या ते दहाव्या लॅपची सरासरी महत्त्वाची. ती लिहून ठेवा, एक रिप्ले जपून ठेवा, शक्य असेल तर घोस्टही (तुमच्याच लॅपची सोबत धावणारी सावली-गाडी). दोन-तीन वळणांतला सर्वांत कमी वेग नोंदवा: एक हळू वळण, एक मध्यम, एक वेगवान.

स्टिअरिंग किती अंश फिरतं, फोर्स फीडबॅक (स्टिअरिंगमधून हाताला लागणारा जोर) किती टक्के, डेडझोन (हात हलवूनही गाडीला काही कळत नाही तो सुरुवातीचा पट्टा) किती, कुठल्या मदती चालू आहेत, या पानांचे फोटो काढून ठेवा. याचा उपयोग तिसऱ्या पायरीत कळेल.

पायरी २: पॅच नोट्स वाचा, पण चाळणी लावून

बदलांच्या यादीत कितीही ओळी असल्या, तरी तुमच्या कामाच्या पाच-सहाच असतात. त्या कशा ओळखायच्या?

‘टायर मॉडेल’ हा शब्द दिसला तर मोठा बदल आहे असं धरून चाला. जुने सेटअप बाजूला ठेवायची तयारी ठेवा. ‘थर्मल’ (तापमान) किंवा ‘वेअर’ (झीज) असेल तर फरक पहिल्या दोन लॅपमध्ये किंवा दहाव्या लॅपनंतर जाणवेल, मधल्या काळात कदाचित काहीच नाही. ‘एअरो’, म्हणजे हवेने गाडी खाली दाबण्याचा हिशेब, असेल तर वेगवान वळणांकडे बघा. ‘डँपर’, ‘सस्पेन्शन’, ‘बंप स्टॉप’ असेल तर कर्बवर, म्हणजे वळणाकडेच्या उंच पट्टीवर, चढून बघा. ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’, म्हणजे बीओपी, हा शब्द पाहून नवखे गोंधळतात. ते फिजिक्स नाही. गाड्यांना एका पातळीवर आणण्यासाठी कुणाचं वजन वाढवायचं, कुणाची ताकद थोडी कापायची, असा तो प्रकार आहे. १५ किलो वाढले तर गाडी थोडी आळसावेल, पण तिचा स्वभाव बदलणार नाही.

आणि ‘फोर्स फीडबॅक’ची ओळ दिसली तर तिच्यावर बोट ठेवून थांबा. स्टिअरिंग हातात जड किंवा हलकं लागणं ही वेगळी गोष्ट, आणि टायरची पकड ही वेगळी. वळताना चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं, तो जोर तुमच्या हाताला जाणवतो. खऱ्या टायरमध्ये हा जोर पकडीच्या शिखराच्या थोडा आधीच उतरू लागतो. म्हणून जाणकार चालक म्हणतात की स्टिअरिंग हलकं पडलं की सीमा जवळ आली. गेमने फक्त हा संदेश पोचवायची पद्धत बदलली, तर पकड तशीच असूनही तुम्हाला गाडी परकी वाटेल.

पायरी ३: गाडीला हात लावण्याआधी सेटिंग तपासा

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. एका गेमच्या अपडेटनंतर मी सलग दोन संध्याकाळी सेटअपशी झटत होतो. गाडी वळणात शिरताना भलतीच चंचल झाली होती, जरा हात हलवला की नाक झपकन आत. मागचं स्प्रिंग मऊ केलं, पंख वाढवला, डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) उलटसुलट केलं. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून कंट्रोल्सचं पान उघडलं तर स्टिअरिंगचा फेरा ९०० अंशांवरून ५४० वर आलेला. गाडीला काहीही झालं नव्हतं. माझ्या तेवढ्याच हाताला चाकं जास्त वळत होती, इतकंच.

तर आधी हे बघा: स्टिअरिंगचा फेरा, डेडझोन, पेडलची मर्यादा, फोर्स फीडबॅकची ताकद, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरू न देणारी मदत), एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी), स्टॅबिलिटीची मदत. पहिल्या पायरीतल्या फोटोंशी ताडून पाहा. फोर्स फीडबॅक जास्त झाला असेल तर मोटर कमाल मर्यादेला जाऊन अडकते आणि बारीकसारीक धक्के सगळे एकसारखे लागतात. याला क्लिपिंग म्हणतात. गेममध्ये त्याचा दर्शक असेल तर तो उघडा ठेवा.

कंट्रोलरवाल्यांसाठी एक गोष्ट. तुमचा अंगठा आणि गाडीची चाकं यांच्यामध्ये गेम एक गाळणी ठेवतो. वेग वाढला की चाक किती वळू द्यायचं, किती सावकाश वळवायचं, हे ती ठरवते. अपडेटमध्ये कधीकधी फक्त ही गाळणीच बदललेली असते.

पायरी ४: मूळ सेटअप, दहा लॅप, काहीही बदलायचं नाही

तुमचा लाडका सेटअप लोड करायचा मोह टाळा. तो जुन्या फिजिक्सच्या खोडींना उत्तर म्हणून घडलेला होता, आणि त्या खोडी आता कदाचित उरलेल्याच नाहीत. उदाहरण घ्यायचं तर टायरमधली हवा. ऑनलाइन रेसिंगमध्ये, नियमात बसेल तेवढी कमी हवा भरायची ही जुनी युक्ती, कारण काही टायर मॉडेलमध्ये कमी दाबाला मिळायला हवी ती शिक्षाच मिळत नसे. ते मॉडेल दुरुस्त झालं की तोच सेटअप गाडीला लोळवतो. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेच्या १.९ आवृत्तीत, २०२३ साली, टायर बदलले तेव्हा जीटी३ वर्गातल्या गाड्यांचा कोरड्या ट्रॅकवरचा गरम (टायर तापल्यावरचा) दाब साधारण २७.५ पीएसआयच्या आसपास ठेवणारे लोक २६ ते २७ पीएसआयच्या पट्ट्यात उतरले. एवढासा फरक, पण जुने सेटअप डोळे मिटून वापरणारे पहिल्या दिवशी मागे पडले.

म्हणून मूळ सेटअप घ्या. पहिल्या दोन-तीन लॅप टायर तापायला सोडून द्या, त्यांवरून काहीच ठरवू नका. चौथ्या लॅपपासून लक्ष द्या, पण हात लावू नका. मनात एकच प्रश्न ठेवा: गाडी नेमकी कधी वेगळी वागते? ‘घसरते’, ‘वळत नाही’ या तक्रारींनी काही हाती लागत नाही. उपयोग होतो तो ‘कधी’चा.

फक्त वेगवान वळणात वेगळी वागत असेल तर संशय एअरोवर घ्या. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. म्हणून एअरोतला बदल हळू वळणात जवळजवळ दिसत नाही आणि ताशी २०० किमीच्या पुढे अंगावर येतो. याउलट फक्त हळू वळणातून बाहेर पडताना मागचं टोक सुटत असेल तर डिफरन्शियल, ट्रॅक्शन कंट्रोल, किंवा टायरची पुढे ढकलताना मिळणारी पकड यांच्याकडे बघा. सगळ्याच वळणांत सारखाच फरक पडत असेल तर टायर. फक्त कर्बवर उडत असेल तर डँपर. सुरुवातीला ठीक आणि शेवटी वाईट असेल तर तापमान किंवा झीज.

आणि हाताला फरक लागतोय, पण वळणातला सर्वांत कमी वेग आणि लॅप टाइम जवळजवळ तेच आहेत? मग बहुधा फोर्स फीडबॅक बदललाय. ही तुलना करता यावी म्हणूनच पहिल्या पायरीत वेग लिहून ठेवायला सांगितले होते.

अजून खात्री हवी असेल तर दोन छोट्या चाचण्या करा. मोकळ्या जागेत एकाच मापाच्या गोलात फिरा आणि वेग हळूहळू वाढवत न्या. आधी पुढचं टोक बाहेर जातं की मागचं, ते बघा, आणि सुटताना इशारा मिळतो की नाही तेही. मग सरळ रस्त्यावर एबीएस बंद करून जोरात ब्रेक दाबा, आधी पुढची चाकं अडकतात की मागची ते बघा. या दोन चाचण्यांना पाच मिनिटं लागतात आणि तर्कवितर्कांचे तास वाचतात.

पायरी ५: आता एकेक बदल

क्रम माझ्या मते असा ठेवावा. सर्वांत आधी टायरचा दाब, कारण तो चुकीचा असेल तर पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. चार-पाच लॅपनंतर गरम दाब बघा आणि योग्य पट्ट्यात आणा. मग ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी: वळणात शिरताना मागचं टोक सुटत असेल तर एखादा टक्का पुढे सरकवा, नाक बाहेर जात असेल तर मागे. त्यानंतर अँटी-रोल बार: वळणाच्या मध्यावर नाक बाहेर जात असेल तर पुढचा एक खटका मऊ करा. पंख, स्प्रिंग, डँपर यांच्याकडे पहिल्या आठवड्यात नवख्याने वळूच नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे एका बदलाचे तीन परिणाम होतात आणि मग काय केल्याने काय झालं, हेच कळेनासं होतं.

एका वेळी एकच बदल, मग पाच लॅप. दोन बदल एकदम केलेत तर त्यातला एक उपयोगी आणि एक घातक असू शकतो, आणि घड्याळ दोन्हींची बेरीज दाखवून ‘फरक नाही’ म्हणेल.

पायरी ६: हाताला नवं शिकवा

गाडी बदलते एका रात्रीत, हाताची सवय बदलायला बरेच दिवस लागतात. तुमचा हात अजून जुन्या टेकडीवरच चालत असतो.

पकडीचं शिखर लहान कोनाकडे सरकलं असेल तर पूर्वीएवढं स्टिअरिंग आता जास्त ठरतं. तुम्ही शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर असता आणि गाडी वळत नाही म्हणून आणखी वळवता. अपडेटनंतर सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. उपाय सोपा आहे, पण मनाविरुद्ध जातो: नाक बाहेर जायला लागलं की स्टिअरिंग थोडं सरळ करा. नाक परत आत आलं तर समजा की तुम्ही शिखर ओलांडलं होतं. आलं नाही तर वेगच जास्त होता.

ब्रेकच्या बाबतीत आठवडाभर १० मीटर आधी दाबा आणि सोडायला शिका. दाबणं सगळ्यांना जमतं. पाय हळूहळू उचलत वळणात शिरणं, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, नव्या फिजिक्समध्ये आधी बिघडतं, कारण तिथे टायरकडून थांबणं आणि वळणं ही दोन्ही कामं एकाच वेळी मागितली जातात. दोन्हींची वाटणी बदललेली असते, पण तुमचा पाय जुन्याच वाटणीने उठत असतो.

जुने लॅप टाइम आणि जुने लीडरबोर्ड काही दिवस बघूच नका. ते वेगळ्या गाडीचे आहेत.

आणि गेमच चुकला असेल तर?

तसंही होतं. ग्रॅन टुरिस्मो ७ चा १.४९ अपडेट जुलै २०२४ मध्ये आला, सस्पेन्शनचं फिजिक्स बदललं, आणि काही गाड्या उभ्या जागी उड्या मारत आकाशात जाऊ लागल्या. काही दिवसांत पुढचा अपडेट काढून ते निस्तरावं लागलं. त्याच वर्षी ‘एफ१ २४’ हा गेम नवी हँडलिंग पद्धत घेऊन आला. गाडीचं नाक अवास्तव तिखट आहे अशी तक्रार झाली आणि प्रकाशनानंतर थोड्याच काळात हँडलिंग बदलणारा पॅच आला. म्हणून मोठ्या अपडेटनंतर पहिला आठवडा सेटअपवर फार जीव लावू नये. तुम्ही जुळवून घ्याल आणि तेवढ्यात पायाखालची जमीन पुन्हा सरकेल.

बग आहे की बदल आहे, हे कसं ओळखायचं? बदल सातत्याने वागतो: तेच वळण, तोच वेग, तोच परिणाम. बग एकाच गाडीत, एकाच कर्बवर, किंवा सेव्ह केलेला जुना सेटअप लोड केल्यावरच दिसतो. मूळ सेटअपवर गाडी ठीक आणि जुन्या सेटअपवर वेडीवाकडी, असं असेल तर जुनी फाइल उडवून तेच आकडे हाताने नव्याने भरून बघा. कधीकधी एखाद्या आकड्याचं मापच बदललेलं असतं आणि जुनी फाइल त्यात भलतीच किंमत घालते.

आणि तक्रार पाठवणार असाल तर ‘फिजिक्स बकवास’ असं लिहू नका. गाडी, ट्रॅक, वळण, गियर, सेटअप मूळ की स्वतःचा, कंट्रोलर की व्हील, आवृत्ती क्रमांक आणि वीस सेकंदांचा रिप्ले, एवढं द्या. हातात टेलिमेट्री (गाडीच्या आकड्यांची नोंद) असेल तर चार चाकांचे दाब आणि तापमानही जोडा. चौथ्या पायरीतल्या दहा लॅपमध्ये यातलं बहुतेक तुमच्याकडे आधीच जमलेलं असतं.